बायबलवर आम्ही भरवसा का ठेवतो? गावोगाव विचारले जाणारे प्रश्न

विदर्भाच्या खेड्यांत ख्रिस्ती घरं थोडीच. कुठे चार, कुठे एकच. त्यामुळे आमच्या शास्त्राबद्दलचे प्रश्न आम्हाला एसटी स्टँडवर, बाजाराच्या दिवशी, निंदण चालू असताना नाहीतर लग्नाच्या पंगतीत विचारले जातात. विचारणारे शेजारी हिंदू असतात, बौद्ध असतात, गोंड, कोलाम, कोरकू असतात. हल्ली आमची कॉलेजात जाणारी पोरंही विचारतात, आणि त्यांचे प्रश्न सगळ्यांत धारदार असतात. खाली तेच प्रश्न, बरेचसे विचारले जातात त्याच भाषेत. उत्तर देणारा मी विश्वासणारा माणूस आहे, बायबल हे देवाचं वचन मानतो. पण पुरावा कुठे संपतो आणि विश्वास कुठे सुरू होतो, हे जागच्या जागी सांगितलं आहे.

बायबल देवानं वरून पाठवलं, असं मानता का तुम्ही?

तसं कोणी ख्रिस्ती माणूस मानत नाही. बायबल म्हणजे एक पुस्तक नाही, पुस्तकांचा संग्रह आहे. प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं, त्यांतली ३९ जुन्या करारात (येशूच्या आधीची) आणि २७ नव्या करारात (येशू आणि त्याच्या शिष्यांची). कॅथलिक बायबलात ७३. जुना करार हिब्रू भाषेत, थोडा भाग अरामी भाषेत, आणि नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. पहिल्या लिखाणापासून शेवटच्यापर्यंत हजाराच्या वर वर्षं गेली. लिहिणारे सगळ्या थरांतले. आमोस हा मेंढरं राखणारा आणि उंबराच्या झाडांची निगा करणारा. शुभवर्तमान म्हणजे येशूच्या जीवनाची हकिकत सांगणारं पुस्तक; मत्तयाचं नाव ज्या शुभवर्तमानाला आहे तो जकातदार. लूक वैद्य होता.

देवानं या माणसांकडून लिहवून घेतलं, आणि लिहिताना ती माणसं माणसंच राहिली, असं आम्ही मानतो. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल, म्हणजे येशूचा संदेश गावोगाव नेणारा प्रेषित, तुरुंगातून निरोप देतो, की त्रोवसात कार्पाच्या घरी माझा झगा राहिलाय, येताना तो घेऊन ये, पुस्तकंही आण, हिवाळ्याच्या आत ये. थंडी वाजणाऱ्या म्हाताऱ्या कैद्याचा हा निरोप आमच्या शास्त्रात आहे, आणि तो तिथे आहे याचा मला आनंद वाटतो.

लूक आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच चार ओळींत सांगतो, की ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं त्यांच्याकडून ही हकिकत आली, मी मुळापासून सगळ्याचा शोध घेतला आणि मगच क्रमानं लिहिली. म्हणजे तो स्वतःच्या लिखाणाला साक्ष म्हणतो. साक्ष म्हटली की ती तपासता येते, उलटतपासणी घेता येते. प्रेषितांची कृत्ये या नव्या करारातल्या पुस्तकाच्या १७ व्या अध्यायात बिरुया गावच्या लोकांचं कौतुक आहे. कशासाठी? तर पौलानं सांगितलेलं खरं आहे का, हे ते रोज शास्त्र उघडून पडताळत होते म्हणून. तेव्हा शास्त्राबद्दल प्रश्न विचारणं हे आमच्याकडे पाप नाही.

दोन हजार वर्षं हातानं नकललं. मंग मधात कोणी बदललं नसन काय?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हा आहे, आणि तो रास्त आहे. म्हणून याला जरा वेळ देतो.

आपल्याकडे गावोगाव भजनी मंडळ असतं आणि मंडळाची हातानं उतरवलेली वही असते. या गावानं त्या गावची वही आणून उतरवलेली. समजा मूळ वही उंदरांनी खाल्ली. तरी तीस गावांच्या तीस वह्या पुढ्यात ठेवल्या तर मूळ भजन कसं होतं ते काढता येतं. कारण एक उतरवणारा जी ओळ गाळतो, ती दुसरा गाळत नाही. आणि कोणी मनाचं कडवं घुसडलं, तर ते त्याच्या वहीत आणि तिच्यावरून उतरवलेल्या वह्यांतच दिसतं. बाकीच्या वह्या त्याला उघडं पाडतात.

नव्या करारालाही हेच लागू पडतं. त्याची पाच हजारांहून जास्त ग्रीक हस्तलिखितं आज नोंदलेली आहेत. काही अख्खी, काही नुसते तुकडे. शिवाय लॅटिन, सिरियाक, कॉप्टिक या भाषांत झालेली जुनी भाषांतरं वेगळी. मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात इजिप्तमधून आलेला पपायरसचा एक तुकडा आहे, तळहाताहून लहान. दोन्ही बाजूंनी लिहिलेला. त्यावर योहानाच्या १८ व्या अध्यायातल्या ओळी आहेत, येशू रोमन सुभेदार पिलातापुढे उभा आहे तो प्रसंग. अभ्यासक तो साधारणपणे दुसऱ्या शतकातला मानतात. अख्खा नवा करार असलेलं सर्वांत जुनं हस्तलिखित चौथ्या शतकातलं आहे. त्याचा मोठा भाग लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. पहिली तीनशे वर्षं ख्रिस्ती लोकांच्या हातात सत्ता नव्हती. इ.स. ३०३ मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियन यानं ख्रिस्ती शास्त्रं जाळण्याचा हुकूम काढला. तोवर प्रती इजिप्त, सीरिया, आशिया मायनर, रोम, उत्तर आफ्रिका अशा पसरल्या होत्या, की सगळ्या एका जागी गोळा करून सारख्या बदलून टाकणं कोणाच्या बापाला शक्य नव्हतं. ना सम्राटाला, ना एखाद्या बिशपाला.

जुन्या करारासाठी तर १९४७ साल महत्त्वाचं. मृत समुद्राच्या काठी कुमरानजवळ गुराखी पोरांना गुहेत मातीच्या भांड्यांत गुंडाळ्या सापडल्या. त्यांत यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकाची पूर्ण गुंडाळी होती, चामड्यावर लिहिलेली, सात मीटरहून लांब, इसवी सनाच्या आधी शंभरेक वर्षांची. तोपर्यंत हिब्रू बायबलाच्या मोठ्या, सलग प्रती होत्या त्या इसवी सनाच्या दहाव्या-अकराव्या शतकातल्या. म्हणजे मधल्या हजार वर्षांत नक्कल करणाऱ्यांनी काय केलं, हे प्रत्यक्ष ताडून पाहता आलं. फरक निघाले. बहुतेक अक्षरांचे, लेखनपद्धतीचे, एखाद्या शब्दाचे. पण यशयाचा संदेश तोच राहिला.

म्हणजे फरक आहेत तं!

आहेत. हजारोंनी आहेत, कारण प्रतीच हजारोंनी आहेत. त्यांतले बहुतेक नावाचं स्पेलिंग, शब्दांचा मागेपुढे क्रम, असे. दोन मोठे फरक मात्र प्रत्येक ख्रिस्ती माणसाला माहीत असायला हवेत. मार्काच्या शेवटच्या बारा ओळी (अध्याय १६, ओळी ९ ते २०) सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत नाहीत. आणि व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट (योहान ७:५३ ते ८:११) योहानाच्या सर्वांत जुन्या प्रतींत सापडत नाही. आधुनिक आवृत्त्यांत या जागी कंस नाहीतर तळटीप असते. काही पाळक, म्हणजे धर्मगुरू, आपल्या मंडळीला (चर्चच्या लोकांना) हे सांगायला कचरतात, लोकांचा विश्वास डळमळेल म्हणून. मला ते पटत नाही. पोरांना हे मोबाइलवर कोणा अनोळखी माणसाकडून कळण्यापेक्षा आपल्या मंडळीतच कळलेलं बरं. या दोन्ही उताऱ्यांवर आमची कुठलीही मुख्य शिकवण टेकलेली नाही.

येशू खरंच होऊन गेला, की नुसती कथा?

येशू नावाचा माणूस यहूदियात होऊन गेला आणि त्याला वधस्तंभावर मारलं, हे ख्रिस्ती नसलेले इतिहासकारही मानतात. रोमन इतिहासकार टॅसिटस ख्रिस्ती लोकांना तुच्छ लेखत होता, तरी त्यानं लिहून ठेवलं, की तिबेरियसाच्या राज्यात पंतय पिलातानं ख्रिस्ताला देहदंड दिला. यहूदी इतिहासकार योसेफसानं येशूचा भाऊ याकोब याला ठार मारल्याची नोंद केली आहे. खुद्द पिलाताचं नाव कोरलेला दगड १९६१ साली कैसरियात सापडला. प्रेषितांच्या कृत्यांत करिंथच्या न्यायासनावर बसलेला गल्लियो येतो, त्याच्या नावाचा शिलालेख ग्रीसमध्ये डेल्फीला मिळाला, आणि त्यावरून पौल करिंथात साधारण इ.स. ५१ च्या सुमारास होता हे ठरवता आलं.

उत्खननातून सगळंच सिद्ध होतं असं मात्र समजू नका. इस्राएल लोक इजिप्तमधून बाहेर पडले, याचा थेट पुरावा इजिप्तमध्ये मिळालेला नाही. दगड सापडला म्हणून माझा विश्वास उभा नाही आणि नाही सापडला म्हणून तो पडणार नाही. पण शास्त्रातली माणसं, गावं, अधिकारी खऱ्या इतिहासातले आहेत, एवढं हे दगड सांगतात.

मेलेला माणूस उठला, हे कसं मानता?

इथे पुरावा आणि विश्वास दोन्ही आहेत, म्हणून वेगवेगळं सांगतो.

आधी साक्ष पाहा. पौलानं करिंथकरांस पहिलं पत्र इ.स. ५५ च्या आसपास लिहिलं. येशूच्या मरणाला तेव्हा पंचवीसेक वर्षं झाली होती. त्यात, १५ व्या अध्यायात, उठलेल्या येशूला कोणी कोणी पाहिलं ते तो ओळीनं सांगतो. पेत्र, बारा शिष्य, मग एकाच वेळी पाचशेहून अधिक जण, आणि त्यांतले बहुतेक आजही जिवंत आहेत असं म्हणतो. साक्षीदार हयात असताना असं लिहिणं म्हणजे जा, विचारा, असं सांगणं आहे. हा पौल आधी मंडळीचा छळ करणारा होता. नंतर तो यरुशलेमेत जाऊन पेत्राकडे पंधरा दिवस राहिला, हेही त्यानंच गलतीकरांना लिहिलंय.

दुसरं, रिकामी कबर आधी कोणाला दिसली? बायांना. मग्दालीया मरीया आणि तिच्या सोबतच्या. त्या काळी बाईच्या साक्षीला किंमत नव्हती, आणि लूक लिहितो की शिष्यांनाही त्यांचं बोलणं फोल वाटलं. गोष्ट रचायचीच असती तर रचणाऱ्यानं कबरेपाशी पेत्राला नेऊन उभं केलं असतं. बायांनी सांगितलं आणि पुरुषांनी मानलं नाही, हे त्यांनी तसंच लिहिलं. मला नव्या कराराची ही जागा सर्वांत खरी वाटते. ज्या पेत्राला मंडळी खांब मानत होती, त्यानं एका दासीसमोर येशूला ओळखत नाही म्हटलं, हेसुद्धा चारही शुभवर्तमानांत आहे. आपल्या पुढाऱ्यांची लाज कोणी इतकी जपून ठेवत नाही.

या साक्षीवरून देवानं येशूला उठवलं असं म्हणणं, ही पायरी विश्वासाची आहे. ती गणितासारखी सिद्ध करून दाखवता येत नाही. मी ती चढलो आहे, आणि का चढलो ते वर सांगितलं.

चार शुभवर्तमानांत एकच गोष्ट वेगवेगळी कशी?

यरीहोजवळ मत्तय दोन आंधळे सांगतो, मार्क एकच सांगतो आणि त्याचं नाव बार्तिमय देतो. असे फरक बरेच आहेत. काही सहज जुळतात, काही ओढूनताणूनही जुळत नाहीत. दुसऱ्या शतकात तातियान नावाच्या लेखकानं चारही शुभवर्तमानं गुंफून एक सलग कथा केली होती, आणि सीरियातल्या मंडळ्यांत ती पुष्कळ वर्षं वाचली गेली. फरक पुसून टाकण्याची आयती सोय होती. तरी मंडळीनं शेवटी चार वेगवेगळ्या साक्षीच ठेवल्या, त्यांच्या फरकांसकट.

कोणती पुस्तकं घ्यायची ते एका राजानं ठरवलं म्हणतेत?

ही गोष्ट मोबाइलवर फार फिरते. सम्राट कॉन्स्टंटाइननं इ.स. ३२५ मध्ये नायसियाला परिषद बोलावली हे खरं. तिथे वाद होता तो पुत्र पित्याच्या तोडीचा आहे का यावर, आणि पुनरुत्थानाचा सण कधी पाळायचा यावर. पुस्तकांची यादी तिथे ठरली नाही. चार शुभवर्तमानं आणि पौलाची पत्रं त्याच्या कितीतरी आधीपासून मंडळ्यांत वाचली जात होती. इब्री लोकांस पत्र, पेत्राचं दुसरं पत्र, प्रकटीकरण यांबद्दल मात्र बराच काळ शंका होती. आपल्याकडे आज आहेत त्याच २७ पुस्तकांची यादी अलेक्झांड्रियाचा अथनासियस यानं इ.स. ३६७ च्या पत्रात दिलेली आढळते.

विज्ञान वाचलेल्या माणसानं सहा दिवसांत सृष्टी मानायची?

ख्रिस्ती लोकांत यावर एकमत नाही. काही जण सहा दिवस अक्षरशः घेतात. मी आणि माझ्यासारखे पुष्कळ जण उत्पत्ती या बायबलाच्या पहिल्या पुस्तकाचा पहिला अध्याय सृष्टी कोणाची आणि माणूस कोणाच्या प्रतिरूपाचा, हे सांगणारा म्हणून वाचतो. खडकांचं वय सांगणं हे त्याचं काम नाही.

नागपूरचं हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना ठाऊक आहे. ते ज्यांच्या नावानं आहे ते स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडचे मिशनरी, १८४५ पासून नागपुरात होते. शाळा चालवली, शुभवर्तमान सांगितलं, आणि त्याचबरोबर नागपूरच्या आसपासचे खडक आणि जीवाश्म इतक्या बारकाईनं अभ्यासले, की भूगर्भशास्त्रात त्यांचं नाव झालं. गोंडांच्या कथाही त्यांनी टिपून ठेवल्या. १८६३ मध्ये टाकळघाटजवळची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना नदीच्या पुरात ते बुडाले. एका हातात शास्त्र आणि दुसऱ्या हातात दगड घेऊन हा माणूस जगला. त्याला त्यात अडचण वाटली नाही.

जुन्या करारातल्या कत्तली आणि गुलामगिरी?

कनानाच्या लढायांचे अध्याय वाचताना मलाही जड जातं, आणि ज्याला जात नाही त्यानं ते नीट वाचले नाहीत असं मी म्हणेन. आम्ही जुना करार येशूच्या प्रकाशात वाचतो. शत्रूवर प्रीती करा, हे त्याचं सांगणं. मोशेनं काही गोष्टींना परवानगी दिली ती तुमच्या अंतःकरणाच्या कठोरपणामुळे, असं येशू सूटपत्राबद्दल, म्हणजे घटस्फोटाबद्दल, बोलताना स्पष्ट म्हणतो. गुलामगिरीच्या बाबतीत अमेरिकेतल्या मालकांनी याच शास्त्रातली वचनं दाखवून माणसं बांधून ठेवली, हा इतिहास आहे. त्याच शास्त्रातली मिसर देशातून (इजिप्तमधून) सुटणाऱ्या गुलामांची गोष्ट गाऊन गुलामांनी धीर धरला, हाही इतिहास आहे. पौल फिलेमोनाला लिहितो, पळून गेलेल्या अनेसिमाला आता दास म्हणून नको, भाऊ म्हणून घरात घे.

हे तं गोऱ्यांचं पुस्तक. आपल्या मातीशी त्याचा काय संबंध?

बायबल लिहिलं गेलं पश्चिम आशियात. मेंढरं, विहिरी, खळी आणि दुष्काळ असलेल्या मुलखात. इंग्लंडला ते फार नंतर पोचलं.

मराठीत ते आणणाऱ्यांत आधी इंग्लिश मिशनरी विल्यम केरी आले. त्यांच्या बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करार निघाला. पण माझ्या मनाला भिडतं ते पंडिता रमाबाईंचं काम. संस्कृतच्या पंडित असलेल्या या बाईनं केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि साध्या बाईला समजेल अशा मराठीत अख्खं बायबल उतरवलं. १९२२ मध्ये त्या वारल्या. पूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. छापखान्याचं काम मुक्तीतल्या बायांनीच केलं. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतात फिरून अनाथ मुली आणि विधवा केडगावला नेल्या होत्या. आपला नागपूर भाग तेव्हा त्याच मध्य प्रांतात होता.

कवी नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार आला तोही आपल्याच रेल्वेमार्गावर, नागपूरहून राजनांदगावला जाताना, एका सहप्रवाशानं दिला म्हणून. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनानं त्यांना धरलं, आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. त्यांचे अभंग आमच्या उपासनेत आजही गातात.

शेतकऱ्याच्या, मजुराच्या कामाचं काय आहे त्यात?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो.

जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात हुकूम आहे, की शेत कापताना कडेकडेचं सारं पीक कापू नका, गळालेला सरवा वेचू नका, तो गरिबांसाठी आणि परदेशी माणसासाठी राहू द्या. याच नियमाच्या आधारानं रूथ ही परदेशी विधवा बवाजाच्या शेतात कापणी करणाऱ्यांच्या मागून कणसं वेचते. बवाज आपल्या गड्यांना सांगतो, पेंढ्यांतूनही मुद्दाम काही कणसं पडू द्या, आणि तिला रागावू नका. संध्याकाळी ती वेचलेलं झोडपते आणि एफाभर सातू, म्हणजे वीसेक लिटर धान्य, सासूच्या पुढ्यात ठेवते. तुरीची सोंगणी झाल्यावर धुऱ्याकडेच्या शेंगा वेचायला आलेल्या म्हाताऱ्या बाईला कोणी हाकललं, की मला हा अध्याय आठवतो. ज्याच्या नावावर सातबारा आहे त्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाला तो आठवायला हवा.

मजुरीचं पाहा. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात लिहिलंय, मजुराची मजुरी त्याच दिवशी दे, सूर्य मावळायच्या आत, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात लागलेला असतो. मग तो आपला असो की परका. कापूस वेचणाऱ्या बायांचा हिशोब बाजाराच्या दिवशी द्यायचा आणि त्यातूनही काही पुढच्या बाजारावर ढकलायचा, हे करताना आपण कोणाविरुद्ध वागतोय ते याकोबाचं पत्र सांगतं. तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते, आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी गेली आहे. काट्यावर खोटं वजन, थैलीत दोन तऱ्हेची मापं, यांच्यावरही शास्त्र बोट ठेवतं. कापूस विकताना ज्यानं जास्तीचा कडता सोसलाय, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

आणि कर्ज. नहेम्या या पुस्तकाचा पाचवा अध्याय उघडा. लोक आक्रोश करतात, की दुष्काळात धान्यासाठी आम्ही शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण टाकली, राजाचा सारा भरायला कर्ज काढलं, आता पोरंपोरी गुलामीत चालली आणि वावर दुसऱ्याच्या ताब्यात. नहेम्याला संताप येतो. तो सावकारी करणाऱ्या सरदारांना सभेत उभं करतो आणि शेतं आणि व्याज परत करायला लावतो. आपण आणि आपल्या भावांनीही पैसे आणि धान्य कर्जाऊ दिलं होतं, हेही तो लपवत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा अध्याय आहे. आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही पारावर वाचा, लोक ऐकत उभे राहतील.

बोंडअळीनं पऱ्हाटी गेली किंवा सोयाबीन पाण्यात गेलं, की हबक्कूक या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा शेवट वाचावा. अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. पण त्याआधी दोन अध्याय त्यानं देवाशी भांडण केलंय, किती वेळ हाक मारू आणि तू ऐकणार नाहीस, असं म्हणत. ते भांडण गाळून नुसता शेवट सांगणारा प्रचारक मला चालत नाही.

जीव नकोसा झालेल्या माणसाला बायबल काय म्हणतं?

एलीया हा मोठा संदेष्टा. राजे या पहिल्या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात तो रानात एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, पुरे झालं, माझा प्राण घे. देव त्याला धर्मभ्रष्ट म्हणत नाही, रागावत नाही, प्रवचन देत नाही. तो झोपतो. देवदूत त्याला हलवून उठवतो, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी असतं. ऊठ, खा. तो खातो आणि पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा उठवतो आणि म्हणतो, खा, कारण वाट तुझ्या ताकदीबाहेरची आहे.

ज्या जिल्ह्यांत इतक्या घरांनी कर्ता माणूस असा गमावला, तिथल्या मंडळीनं हा अध्याय पाठ करावा. घरी जा, जेवण घेऊन जा, सोबत बसा, एकटं सोडू नका, दवाखान्यात न्या. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या नंबरवर रात्रीबेरात्रीही बोलते.

बायबल उशाशी ठेवलं की बाधा जाते, आजार बरा होतो?

बायबल हा ताईत नाही. आम्ही आजाऱ्यासाठी प्रार्थना करतो आणि देव ऐकतो असं मानतो, पण औषध बंद करा म्हणणाऱ्याला बायबलात आधार नाही. लूक स्वतः वैद्य होता. विदर्भातल्या मिशनऱ्यांनी दवाखाने काढले, अचलपूरजवळ कोठारा इथे कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय उभं केलं, ते याच शास्त्रावर विश्वास ठेवून.

ख्रिस्ती झालेल्यांतही जातपात दिसते, मग शास्त्राचा उपयोग काय?

हे बहुतेक वेळा आमचे बौद्ध शेजारी विचारतात, आणि ते खरं बोलतात. सोयरीक जुळवताना जात बघणारी ख्रिस्ती घरं आहेत. शास्त्र मात्र त्यांच्या बाजूनं नाही. ख्रिस्तात यहूदी नाही, ग्रीक नाही, दास नाही, स्वतंत्र नाही, सगळे एक आहेत, असं गलतीकरांस पत्रात आहे. सोन्याची अंगठी घातलेल्याला खुर्ची आणि मळक्या कपड्यातल्याला पायाशी बस म्हणणाऱ्या मंडळीला याकोब झाडतो. या प्रश्नात शास्त्र तुमच्या बाजूनं आमच्यावर आरोप ठेवतं, आणि तो आरोप आम्ही मान्य करायला हवा.

वाचलं तं धर्म बदलावा लागते काय?

नाही. वाचायला कोणाची परवानगी लागत नाही आणि वाचलं म्हणून कोणी तुम्हाला बांधून घेत नाही. पैसे, नोकरी किंवा बरं करण्याचं आमिष दाखवून कोणी शास्त्र पुढे करत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. शास्त्र असं विकायची वस्तू नाही.

कुठून सुरुवात करू?

पहिल्या पानापासून नको. बरेच जण उत्पत्ती गोडीनं वाचतात, निर्गमच्या मध्यात तंबूच्या मापांपाशी अडतात आणि पुस्तक ठेवून देतात. आधी मार्क वाचा. सोळा अध्याय, दोन संध्याकाळींत होतात. मग लूक, त्यातला १५ वा अध्याय सावकाश. मग रूथ, चारच अध्याय. मन जड असेल तेव्हा स्तोत्रं, १३ वं आणि २३ वं. डोंगरावरचं प्रवचन मत्तयाच्या ५ ते ७ अध्यायांत आहे.

बायबल सोसायटीची मराठी आवृत्ती स्वस्तात मिळते, तिची भाषा जरा जुनी आहे. सोप्या मराठीतलं भाषांतरही आहे. पहिल्यांदा वाचणाऱ्यानं तेच घ्यावं. मोबाइलवर दोन्ही फुकट मिळतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मराठीत वाचून दाखवलेलं बायबलही आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ते लावून द्या, एका वेळी एकच अध्याय, आणि मग त्यांना काय वाटलं ते विचारा.